वाळूवरची मड्डम

गोल्फमध्ये एक रीत आहे. चेंडू होलच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला, नुसती टिचकी मारली की आत पडेल इतक्या जवळ, की समोरचा खेळाडू म्हणतो, ‘राहू दे, झालं ते.’ मग ती टिचकी मारावी लागत नाही, चेंडू उचलायचा आणि पुढे चालायचं. साधी माणुसकीची रीत आहे. मड्डमने ती कधी पाळली नाही. चेंडू होलच्या काठावर अर्धा लोंबकळत असला तरी ती काठी टेकवून उभी राहायची, आणि आशेनं तिच्याकडे बघणाऱ्याला म्हणायची, ‘मफी.’ मफी म्हणजे नाही, मिळणार नाही. इतकी वर्षं बहारीनमध्ये काढून तिनं जे चार अरबी शब्द उचलले, त्यातला हा तिचा सगळ्यात लाडका होता.

मी तिच्याशी पहिल्यांदा खेळले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मला खेळाच्या नादाला लावलं वंदनानं. वंदना नागपूरची, हमद टाउनला राहते, एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आम्ही दोघी खेळायचो ते हळदीकुंकवाला गेल्यासारखं. हातभर लांबचा चेंडूसुद्धा ‘असू दे गं’ म्हणत एकमेकींना सोडायचो, आणि घरी जाऊन नवऱ्यांना सांगायचो की आज काय मस्त खेळलो. तर त्या दिवशी माझा चेंडू होलपासून वीतभरावर थांबला, आणि मी सवयीनं उचलला. मड्डम म्हणाली, ‘हा मी तुला दिला नव्हता.’ मला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती. तो होल तिच्या खात्यात गेला, आणि मी साताऱ्याची असल्यामुळे माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मड्डम हे नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलं. मी घरी येऊन तणतणत होते तेव्हा तो म्हणाला, ‘काय म्हणतेय तुझी मड्डम?’ आणि तेच चिकटलं. तोंडावर तिच्याशी सगळं इंग्रजीतच, त्यामुळे अहो-जाहोची भानगड नव्हती. पाठीमागे मी तिला कायम ‘ती’च म्हटलं. वयानं माझ्या आईएवढी होती, पण ‘त्या’ म्हणावं असं काही तिनं कधी केलंच नाही. खरं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं असतं तरी तिनं उच्चाराला नावं ठेवली असती.

गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवळ येते. तशीही मैदानं बहारीनमध्ये आहेत, तिथं मोठमोठे साहेबलोक जातात. आमचं मैदान वाळूचं, तेलविहिरींच्या बाजूला. गवताची काडी नाही. चुना लावलेल्या दगडांच्या दोन रांगा आणि मधला पट्टा, एवढंच. पट्ट्याच्या आत चेंडू पडला तर तो उचलायचा, पिशवीला लटकवलेला पायपुसण्याएवढा हिरवा गालिचा जमिनीवर टाकायचा, त्यावर चेंडू ठेवून मारायचा. दगडांच्या बाहेर गेला तर मात्र गालिचा नाही. तो जिथं, जसा पडलाय तसाच मारायचा, त्याला हात लावायचा नाही. होलच्या भोवती तेल मिसळून दाबलेल्या वाळूचं काळपट वर्तुळ असतं, सारवलेल्या अंगणासारखं, आणि खेळून झाल्यावर आपल्या पावलांचे ठसे आपणच पुसायचे. मड्डम दुसऱ्यानं नीट पुसलंय का हे मागे वळून बघायची, आणि पुसलं नसेल तर त्या माणसाला हाक मारून परत बोलवायची.

तिची जीभ हा स्वतंत्र विषय आहे. मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली, ‘तू चेंडू मारत नाहीस, त्याची समजूत घालतेस.’ माझा नवरा इंजिनिअर, अंगानं जरा सुखवस्तू. क्लबच्या जेवणात त्यानं उगाच सौजन्य म्हणून तिला विचारलं, मीही खेळायला लागू का? तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, ‘सोफ्यापासून फ्रिजपर्यंतचा तुझा खेळ चांगला असणार, तोच ठेव.’ बिचारा त्यानंतर तिच्या टेबलाजवळ फिरकला नाही. माझी मुलगी इरा मात्र तिच्यावर खूश. मी घरी चिडून काही सांगायला लागले की मोबाइलमधून मान वर करून म्हणायची, ‘आई, शी इज सो मीन. आय लव्ह इट.’ आमच्या इथल्या मुलांना मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र असं येतं.

वंदनाची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी मड्डमला उगाच गोड करून दाखवतेय असं होईल. वंदनाचे वडील नागपूरला वारले. ती धावत गेली, सगळं करून परत आली, आणि घरात बसवेना म्हणून मैदानावर आली. मड्डमला सगळं ठाऊक होतं. खेळता खेळता वंदनाचा चेंडू होलपासून वीतभरावर थांबला. डोळे भरलेले, हात गळालेले, तिनं मड्डमकडे नुसतं बघितलं. मड्डम हलली नाही. वंदनानं टिचकी मारली आणि चुकली. तिथंच काठी टाकून ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मड्डम तिच्याजवळ जाऊन म्हणाली, ‘तुझे वडील गेलेत. होल जागेवरच आहे.’ मला वाटलं आता या बाईच्या मुस्काटात द्यावी. दिली नाही, पण वाटलं खरं. वंदना त्यानंतर त्या मैदानावर आली नाही, आणि तिनं ते आजतागायत माफ केलेलं नाही. का करावं? काही लोक मला सांगतात की दुःखातही नेहमीसारखं वागणं हीच खरी सहानुभूती असते. त्यांच्या वडिलांच्या वेळी बघू म्हणावं.

मग मी कशी टिकले, असं मला सगळे विचारायचे. हट्ट, दुसरं काही नाही. आणि ती खेळायची ते बघणं. सत्तरी उलटलेली बाई, वाळलेल्या शेंगेसारखी, गुडघे कुरकुरणारे, ऊन लागून नाक कायमचं लालभडक झालेलं. पण काठी उचलून फिरवली की चेंडू असा जायचा की वाटायचं त्याला कुणीतरी पलीकडून बोलावलंय. माझ्यासारखी सीफच्या ऑफिसात दिवसभर आकड्यांत डोकं घालून बसलेली बाई हे बघायला शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पहाटे उठायची. तिनं मला शिकवायला सुरुवात केली तीही हुकूम सोडल्यासारखी. ‘उद्या लवकर ये, तुझे खांदे मला बघवत नाहीत.’ शिकवण्याचं काही घेतलं नाही. घेतलं असतं तर ती हौशी खेळाडू राहिली नसती, अमॅच्युअर हा तिचा दर्जा गेला असता. या वयात तो दर्जा कुणाला दाखवायचा होता देव जाणे, पण एकदा मी साधे बेसनाचे लाडू नेले तर तिनं विचारलं, हे मैत्रीचे की शिकवणीचे? मी म्हटलं, दिवाळीचे. मग घेतले, आणि खाऊन म्हणाली की घशाला चिकटतात.

बुदैयाला, आमच्या घरापासून चार व्हिला सोडून, ती भाड्यानं राहायची. मागे खजुराची बाग, पुढे धुळीनं माखलेली जुनी गाडी. तिचा चहा म्हणजे कोमट पाण्याला चहाची धमकी दिलेली. त्या घरात भिंतीवर एकच फोटो होता. समुद्राकाठचं वाऱ्यानं झोडपलेलं मैदान, आणि स्वेटर घातलेल्या दोन तरुण मुली हात मिळवताहेत. एक हसतेय. दुसरी मड्डम.

तिची सगळी कारकीर्द मला त्या फोटोखाली बसून कळली, तीही तुकड्यातुकड्यांनी, कारण स्वतःबद्दल बोलणं म्हणजे तिला बाजारात पदर पसरल्यासारखं वाटायचं. स्कॉटलंडच्या एका लहानशा गावातली. वडील दुधाची गाडी चालवायचे. गावाचं मैदान समुद्राला लागून, सगळ्यांसाठी उघडं, पण बायकांनी पुरुषांचं खेळून झाल्यावर खेळायचं आणि क्लबात शिरायचं ते मागच्या दारानं. वडिलांनी जुनी काठी कापून हिला दिली. पावसात, वाऱ्यात, बोटं निळी पडेपर्यंत ही खेळायची. मोठी झाल्यावर जिल्ह्याकडून, मग देशाकडून खेळली. तिच्या देशातल्या हौशी बायकांची जी सगळ्यात मोठी स्पर्धा, तिच्या अंतिम सामन्यात ती तीनदा पोहोचली आणि तिन्ही वेळा हरली. एकदा परदेशी जाणाऱ्या संघात निवड झाली, राखीव म्हणून. बोटीनं गेली, गणवेष घालून मैदानाच्या कडेला उभी राहिली, दुसऱ्यांच्या पिशव्या धरल्या, आणि एकही चेंडू न मारता परत आली. ‘कोट चांगला होता,’ एवढंच म्हणाली.

मी विचारलं, व्यावसायिक का नाही झालीस? तिनं सांगितलं, ‘मग हसावं लागलं असतं.’ शाळेत खेळाची बाई झाली, आणि तिथून बहारीनच्या एका इंग्रजी शाळेत आली. आली ती दोन वर्षांसाठी. आपण सगळेच दोन वर्षांसाठी येतो.

क्लबात तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायचे. म्हणे तिसऱ्या अंतिम सामन्यात तिनं समोरच्या मुलीला एक छोटी टिचकी मोठ्या मनानं सोडून दिली, आणि पुढच्याच होलला त्या मुलीनं हिला हरवलं. तेव्हापासून ही कुणाला काही सोडत नाही. मला ती गोष्ट फार आवडली. वाटलं, अगं बाई, जखम आहे होय ही. मी तिला हळूच विचारलं. ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, ‘मूर्खपणा आहे. मी कधीच सोडत नव्हते. लहानपणापासून. मला लोक चुकताना बघायला आवडतं.’ आता बोला. माझी सगळी सहानुभूती त्या कोमट चहात बुडाली.

एवढं मात्र खरं की बहारीनमध्ये ती कधी हरली नाही. दर हिवाळ्यात आमच्या वाळूवर बायकांची स्पर्धा व्हायची, एकास एक पद्धतीची. म्हणजे दोघींनी खेळायचं, ज्या होलला जिचे फटके कमी तो होल तिचा, आणि शेवटी जिचे होल जास्त ती जिंकली. भिंतीवरच्या लाकडी फळीवर वर्षामागून वर्षं तिचंच नाव. त्याचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. म्हणायची, बदकांशी पळण्याची शर्यत लावून पहिलं येण्यात काय आहे? त्या बदकांत मी होते. आणि मला तिला एकदा हरवायचं होतं. लपवून काय करू? नोकरीत मला बढती मिळाली, गावी घर झालं, इरा चांगल्या मार्कांनी पास झाली, पण माझ्या मनात हे एकच होतं की एकदा, एकदाच, या बाईला तिच्या हयातीत, तिच्या नियमांनी, चोख हरवायचं. नवरा म्हणायचा, ‘अगं, म्हातारी आहे, थांब की थोडी, आपोआप हरेल.’ मला आपोआप नको होतं.

पण दिवस कुणासाठी थांबतात? तिचा उजवा हात कापायला लागला. आधी कप धरताना, मग किल्ली लावताना. तिनं डॉक्टरला दाखवलं तेव्हा त्यानं आजाराचं नाव सांगितलं आणि एकटीनं राहू नका म्हणाला. स्कॉटलंडला भाचा होता, त्यानं तिकडं एका वृद्धाश्रमात जागा बघितली. व्हिसा संपत आला होता, तो पुन्हा वाढवायचा नाही असं ठरलं. तिनं मला हे सगळं सांगितलं ते माझा खांदा कसा पडतोय हे सांगता सांगता, आणि वर म्हणाली, ‘म्हणजे तुझ्याकडे एकच हिवाळा आहे.’ म्हणजे माझ्या मनातलं तिला सगळं ठाऊक होतं तर.

त्या हिवाळ्यात अंतिम सामन्याला आम्ही दोघीच उरलो. क्लबातल्या बायका मला बाजूला घेऊन सांगत होत्या, जाऊ दे गं, शेवटचं वर्ष आहे तिचं, जिंकू दे. मी म्हटलं, ते तिला जाऊन सांगा. कुणी गेलं नाही.

लांबचे फटके तिचे अजून तसेच होते. हात दगा द्यायचा तो जवळच्या टिचकीला. पट्टी लावून रेघ मारणारी बाई ती, आता काठी चेंडूमागे टेकवली की टोक थरथरायचं आणि ती दात आवळून वाट बघायची. मला बघवत नव्हतं, तरी मी बघत होते. कधी ती पुढे, कधी मी, असं करत शेवटच्या होलला आलो तेव्हा दोघी बरोबरीत होतो. माझा फटका भरकटला आणि चेंडू दगडांच्या बाहेर, तेलाच्या जुन्या पाइपजवळ जाऊन पडला. तिथं गालिचा नाही, पडलाय तसा मारायचा. मी कुठून मारता येईल म्हणून त्याच्याभोवती फिरले, पाइपला वळसा घालताना माझा पाय चेंडूला निसटता लागला, तशी मी वाकून त्याला हात लावला, कपाळाला लावला, आणि पुन्हा जागा बघायला लागले. चेंडू तसूभरही हलला नव्हता. मड्डम दहाएक पावलांवर उभी होती. म्हणाली, ‘झालं का तुझं?’ मी हो म्हटलं आणि मारला. असा फटका मी त्याआधी मारला नव्हता आणि त्यानंतरही नाही. चेंडू पाइपच्या वरून गेला आणि काळ्या वर्तुळात, होलच्या जवळ पडला. पुढच्याच टिचकीला मी तो आत घातला.

आता तिची टिचकी राहिली. आत गेली तर बरोबरी, चुकली तर मी जिंकले. अंतर वीतभर. तिच्या काठीचं टोक थरथरत होतं. आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही ओठांवर ‘राहू दे’ आलं होतं. तिनं मान वर न करता मला बजावलं, ‘तू हा मला दिलास तर मी आत्ता घरी जाईन.’ मी गप्प बसले. तिनं मारला. चेंडू होलच्या काठावरून फिरून बाहेर आला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला त्याची पर्वा नव्हती. मी इतकी खूश होते की मला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि तरी मी खूश होते. मड्डमने हात मिळवला, कापरा, कोरडा हात, आणि आपल्या पावलांचे ठसे पुसायला वाकली. त्या रात्री नवऱ्यानं सीफला जेवायला नेलं. ऑफिसात मी पेढे वाटले. साताऱ्याला आईला फोन करून सांगितलं, तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, तरी म्हणाली, ‘त्या म्हाताऱ्या बाईला लागलं नाही ना?’ फळीवर माझं नाव चढलं. मी रोज काहीतरी निमित्त काढून ते बघून यायची.

मड्डमला विमानतळावर सोडायला मीच गेले. दुसरं होतं कोण? एवढ्या वर्षांचं सामान दोन बॅगांत मावलं होतं. काठ्या तिनं क्लबला देऊन टाकल्या होत्या. बुदैयापासून मुहर्रकच्या पुलापर्यंत ती एक शब्द बोलली नाही, फक्त मी लेन बदलताना आरसा बघत नाही हे एकदा सांगितलं. विमानतळावर तिच्यासाठी चाकाची खुर्ची सांगितली होती. ती येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. मी तिच्या तिकिटाचे कागद उगाच पुन्हा बघत होते, आणि तेव्हा ती म्हणाली, ‘शेवटच्या होलला, पाइपजवळ, तू चेंडूला हात लावलास.’

मला काही कळेना. मी म्हटलं, शक्यच नाही. मग तिनं मला करून दाखवलं. तिथं, त्या सगळ्या प्रवाशांत, बाकावरून वाकून तिनं तो कापरा हात आधी स्वतःच्या बुटाला लावला आणि मग कपाळाला. हात इतका हलत होता की कपाळाला नीट लागलाही नाही.

‘पाय लागला त्याचा दंड नाही,’ ती म्हणाली. ‘चेंडू हलला नव्हता. पण मग तू वाकून मुद्दाम हात लावलास. दगडांच्या बाहेर. एक फटका.’

‘ती आमची सवय आहे,’ मी म्हटलं. ‘पाय लागला की नमस्कार करतो आम्ही.’

‘माहीत आहे. शाळेत तुमची मुलं दप्तराला पाय लागला की हेच करायची. चांगली सवय आहे. एक फटका.’

माझ्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. मी विचारलं, मग त्याच वेळी का नाही बोललीस? तिचं उत्तर असं की दंड खेळणाऱ्यानं स्वतः सांगायचा असतो, आणि ती थांबली होती मी सांगेन म्हणून. मी म्हटलं, अगं, मला कळलंच नव्हतं मी काय केलं ते. ती म्हणाली, हो, तेही तिला दिसत होतं. म्हणजे तो फटका धरला तर आमची बरोबरी झाली होती, आणि ती हरली नव्हती. मी जवळजवळ ओरडलेच, ‘मग आज कशाला सांगतेस?’

‘कारण मी चालले,’ ती म्हणाली, ‘आणि तू इथं सगळ्यांना सांगत फिरशील की तू मला हरवलंस.’

तेवढ्यात खुर्ची आली. तिनं त्या ढकलणाऱ्या माणसाला चाकं वाकडी आहेत हे सांगितलं, बसली, आणि गेली. मागे वळून बघितलं नाही. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. ती गेली म्हणून की ती तशी गेली म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. वंदनाला फोन केला. ती म्हणाली, ‘काहून रडून राहिली? मी तुले तेव्हाच म्हटलं होतं, हे बाई कोणाचीच नाही.’

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. दुसऱ्याच दिवशी हसनभाईंना गाठलं. हसनभाई म्हणजे आमच्या क्लबचे नियमांचे जाणकार, बहारीनचेच, तेलकंपनीतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि समजावून सांगितलं. समोरच्या खेळाडूनं चूक बघितली तर त्यानं तिथंच आक्षेप घ्यायचा. घ्यायचा नसेल तर कानाडोळा करायचा हक्क त्याला आहे, एकास एक खेळात चालतं ते. एकदा सामना संपून निकाल लागला की मागून काही बोलता येत नाही. ‘तिला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘तू जिंकलीस. खलास.’

त्यानं माझं समाधान व्हायला हवं होतं. उलट आगीत तेल पडलं. म्हणजे तिनं जाणूनबुजून सोडलं. जिनं वंदनाला बापाच्या सुतकात एक टिचकी सोडली नाही, तिनं मला अख्खा फटका सोडला. का सोडला? माझी दया आली? की मी वाकले ते बघून तिला काही वाटलं? की आपला हात दगा देणार हे ओळखून तिनं हरण्याची सोय आधीच करून ठेवली होती? आणि सोडलं तर सोडलं, मग बोलून का दाखवलं? आपल्याकडे देणाऱ्यानं बोलून दाखवलं की दिलेलं मातीमोल होतं. महिनोन्‌महिने मी हे चघळत होते. फळीसमोरून जाताना मान खाली घालायची, आणि मग मलाच माझा राग यायचा. नियमानं माझं नाव तिथं आहे, मी कशाला मान खाली घालू?

शेवटी ठरवलं की तिला हे तोंडावर सांगायचं. भाच्याकडून वृद्धाश्रमाचा नंबर घेतला. त्यानं सावध केलं होतं की आजारानं आता डोक्यातलंही बरंच नेलंय, कधी ओळखते, कधी नाही. मी म्हटलं, नियम तर आठवत असतील. ऑफिसच्या मीटिंगला जाताना करते तशी वाक्यं जुळवून ठेवली. तुला आक्षेप घेता आला असता. तू घेतला नाहीस. निकाल कायम आहे. मी तुला हरवलं, मड्डम, आणि ते तुलाही परत घेता येणार नाही.

बऱ्याच वेळानं ती फोनवर आली. आवाज बारीक झाला होता. कोण बोलतंय विचारलं, मी नाव सांगितलं. कुठून, म्हणाली. मी म्हटलं, बहारीन. मग म्हणाली, ‘वाळू.’

‘हो,’ मी म्हटलं, ‘वाळू.’

‘तू खेळायचीस?’

‘हो. तुझ्याशीच.’

मागे कुठंतरी कपबशा वाजत होत्या. मग तिनं विचारलं, आणि इतक्या वर्षांत त्या बाईनं मला घाबरून काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, ‘मी तुला हरवायची का?’

माझी सगळी वाक्यं तयार होती. जिभेच्या टोकावर होती.

‘हो,’ मी म्हटलं. ‘दर वेळी.’

‘एकदाही हरले नाही?’

‘एकदाही नाही.’

‘मग ठीक आहे,’ ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.